येळवशीचा बोल

९ डिसेंबर

आज पुन्हा भांडलो. चूक गिऱ्हाइकाची होती. पुतण्याच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्लेक्स, आणि म्हणतो ‘दादा’ला ‘वादा’ जुळवा. मी म्हणालो, एक वर्षाचं लेकरू कुणाला काय वादा करणार? तर म्हणाला, तू टाईप कर, डोकं लावू नको. मी कीबोर्ड उचलून त्याच्यापुढं ठेवला. म्हणालो, तुम्हीच करा मग. गेला निघून.

वैजनाथमामांनी कीबोर्ड परत जागेवर ठेवला. दुकान त्यांचं. मामा म्हणायचं म्हणून, नात्याचे नाहीत. मग म्हणाले, फ्लेक्स दोन-चार दिवसांत उतरतो बाबा, त्याच्यावरच्या ओळीपायी कशाला जीव टाकायलास? आता ह्यांना कसं सांगू, उतरतो म्हणूनच तर टाकतो.

राग आला की लिहून काढत जा, असं लुंबिनीनं सांगितलंय, म्हणून हे लिहिणं. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, इथंच लातूरला. रक्तदान शिबिराचं बॅनर करायला आली होती. तीच ती घासून गुळगुळीत झालेली ओळ नको, काही नवीन द्या म्हणाली. मी उभ्या उभ्या दोन ओळी करून दिल्या. तिनं त्या वाचल्या, माझ्याकडं बघितलं, परत वाचल्या. त्या दुसऱ्या वाचण्यात माझं वाटोळं झालं.

कॉलेज सुटल्याचं तिला पहिल्या दिवशीच सांगून टाकलं. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. प्रॅक्टिकलला मागं उभा राहून मित्राला कविता म्हणून दाखवत होतो, सरांनी पुढं बोलावलं, सगळ्या बॅचसमोर म्हणायला लावली, आणि मध्येच तोडून म्हणाले, हे चहाच्या गाड्यावर म्हण, एखादा कट फुकट मिळंल. सगळे हसले. मी ॲप्रन काढला, टेबलावर ठेवला आणि निघालो. घरी हिमायतनगरला फोन केला की बाबा उचलतात, माझा आवाज ऐकतात आणि तसाच फोन आईच्या हातात देतात.

लुंबिनी ऐकून एवढंच म्हणाली, ॲप्रन घडी करून ठेवला होतास का फेकला होतास? घडी करून, म्हणालो. मग बरंय, म्हणाली. तिचं हे असंच.

१२ डिसेंबर

लुंबिनीचं एक काम आहे. महिनाअखेरीला येळवस आहे. आमच्या हिमायतनगर-हदगावकडं हा सण नाही, पण इकडं लातुरात म्हणे दिवाळीपेक्षा मोठा. मार्गशीर्षातली अमावस्या. जिल्ह्याला सुट्टी असते, गावंच्या गावं शेतात जाऊन जेवतात. कडब्याची खोप करतात, तिच्यात पूजा मांडतात.

तिच्या घरी पूजा नाही. छप्पन साली तिच्या पणजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव गेले, पण शेत होतं आणि येळवसही होती. खोपीपुढं बसून नुसतं जेवायचं कसं, असं बायका म्हणाल्या. पणजोबा म्हणाले, मातीला तोंडानं बोला, तिला कान असतात. तेव्हापासून त्यांच्या खोपीपुढं प्रत्येकानं आपल्या मनानं केलेला एक बोल म्हणायचा, दोन ओळींचा, मगच घास. पाहुणा असला तर पाहुण्यानंही.

तर तिच्या वडलांना, ग्यानोबांना, यंदा काही सुचून नाही राहिलं. मी करून देईन का, असं विचारते. मी म्हणालो, स्वतःच्या मनाचा बोल पाहिजे ना? तर म्हणाली, तू करशील का नाही ते सांग.

मग वडलांविषयी बोलत राहिली. थंडीत रात्रपाळीच्या लाईटीला पाणी द्यायला जातात. मोटार चालू झाली की तिच्याशी बोलतात, बस बाई आता, गरम होऊ नको. चपला बांधावर काढतात, पिकात कधी घालत नाहीत. कुणी उद्धट बोललं तर चिडत नाहीत, फजिती करतात. एवढं सगळं कशाला सांगून राहिली कळेना. दोन ओळींना एवढा मसाला लागत नाही.

केला तो असा:

*रातच्या लाईटीला पाणी, पाय गारठले पाटात*
*सकाळी कणीस बोललं, बाप उभा माझ्या धाटात*

फोनवर म्हणून दाखवला. पलीकडून काही आवाजच नाही. रेंज गेली वाटतं.

१३ डिसेंबर

रेंज गेली नव्हती.

१६ डिसेंबर

आज तिला ब्लॉक केलं.

आता आत्यासाठी बोल पाहिजे. पंचशीलाआत्या, निलंग्याकडं अंगणवाडीत आहेत. ठीक आहे म्हणालो, सांग आत्याविषयी. तर पहिलंच वाक्य: आत्यानं माझ्यासाठी स्थळ आणलंय. मुलगा पुण्याला बँकेत आहे. नवीन वर्षाच्या पहिल्या रविवारी बघायला येणार.

हे ती असं बोलली जसं उद्या बस किती वाजता आहे ते सांगावं. वर म्हणते, आत्याचा बोल चांगला झाला पाहिजे, घरात आत्याचा शब्द चालतो. आणि आजीचा.

मी म्हणालो, जी बाई तुला उचलून पुण्याला घालणार तिच्यासाठी मी ओळी जुळवू? मी काय घोड्याला खरारा करायला ठेवलाय? ती म्हणाली, घोडा कोण? मी फोन ठेवला, नंबर ब्लॉक केला, आणि एक आख्खा फ्लेक्स आडव्याऐवजी उभा छापला. वैजनाथमामांनी तो गुंडाळून ठेवला आणि मला चहाला पाठवलं.

१७ डिसेंबर

ब्लॉक काढलं. काढल्या काढल्या तिचा फोन. जसं काही झालंच नाही तशी आत्याचं पुढचं सांगू लागली. वाटणी झाली तेव्हा आत्यांनी आपला हिस्सा भावाला सोडून दिला. तहसीलला अंगठा नाही, झोकात सही केली. त्या बदल्यात काही मागितलं नाही. फक्त दर येळवशीला जाताना आपल्या हातानं ओंजळभर हरभऱ्याचा पाला खुडून नेतात. कुणी पिशवीभर खुडून दिला तर घेत नाहीत.

मी ठरवलं होतं, असा भिकार बोल करायचा की बाईंनी म्हणताना लाजलं पाहिजे. पण ती ओंजळ दिवसभर डोक्यातून जाईना. बॅनरवर एका नगरसेवकाचा फोटो बसवता बसवता झाला:

*सोडला हिस्सा भावाला, मातीत ठेवला जीव*
*ओंजळभर पाल्यामधी माहेराची सारी शीव*

चांगला झाला, ह्याचाच राग येऊन राहिला.

२१ डिसेंबर

तिच्या आईसाठीही झाला. त्यांचं माहेर किनवटच्या जंगलाकडचं. त्याही माझ्यासारख्याच येळवस न बघता इकडं आल्या. पहिल्या वर्षी भज्जी, म्हणजे येळवशीची हिरव्या दाण्यांची मिसळभाजी, बिघडली आणि सासूनं सगळ्यांदेखत ती दोनदा मागून खाल्ली. ती सासू म्हणजे आजी, धुरपताबाई. म्हटलं, आता आजीचाही सांगून टाक, एकदाच उरकतो. तर लुंबिनी म्हणाली, आजीला कुणी करून द्यायचा नसतो. आजी ऐकते.

मग विचारलं, मी येऊ का येळवशीला? मनात धाकधूक होती, पण विचारलं.

ती म्हणाली, ‘येळवशीला बोलवायची पद्धत नसते. जो येतो तो जेवतो.’

म्हणजे बोलवत नाही. सगळ्या घराच्या तोंडात माझे शब्द घालायचे आणि मला म्हणायचं बोलवायची पद्धत नसते. बरं, पुढं विचारते काय, तुला आंबील पचते का? ताक नि ज्वारीचं पीठ आंबवून करतात, बाहेरच्याला जड जाते. अशा वेळी चेष्टा सुचते हिला.

वैजनाथमामांना सांगितलं. ते हसायलाच लागले. म्हणाले, नाग्या, तुला व्याकरण कळतंय, माणूस कळत न्हाई.

२६ डिसेंबर

ठरलं. जाणार. बोलावलं नाही तरी जाणार, आणि सगळ्यांसमोर निकाल लावणार. एक मोठी कविता केली आहे, चांगली चाळीसेक ओळींची. त्यात चंद्र आहे, वणवा आहे, पुण्याच्या बँकेला एक टोला आहे. पाठ केली. आईला फोनवर म्हणून दाखवली. आई म्हणाली, छान आहे, पण येळवस म्हणजे काय रे? मी सांगितलं. ती म्हणाली, लोकांच्या शेतात जातोस तर चिडू नको. मागून बाबांचा आवाज आला, त्याला म्हणावं थंडी आहे, स्वेटर घाल. फोन आईकडंच होता, पण बोलले.

३१ डिसेंबर

कालचं आज लिहून राहिलो. हात नीट चालत नाही, उजव्या मनगटावरचे केस जळालेत. त्याचं पुढं येईल.

काल सकाळी लातूर असं रिकामं होतं की गंजगोलाईच्या चौकात मध्यावर झोपलं तरी कुणी उठवलं नसतं. बस मात्र उतू चालली होती. औशाच्या पुढं फाट्यावर उतरलो आणि लुंबिनीनं बोलता बोलता कधी सांगितलेल्या खुणांनी चालू लागलो. ज्वारी डोक्याएवढी. जिथं तिथं धूर, जिथं तिथं खोपी, माणसं. आणि मी मनात चाळीस ओळी घोळत.

एका बांधावर डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस उभा होता. अनवाणी. म्हणाला, या पाव्हणं, जेवायला या.

मी म्हणालो, वेळ नाही.

तो म्हणाला, येळवशीला वेळ न्हाई म्हणत नसतेत. कुनीकडं जायलाव?

ग्यानोबांच्या शेतात, मी म्हणालो. काम आहे. कसलं काम, तर म्हणालो, ते तुम्हाला कशाला सांगू? आपलं जेवण करा, वाट सोडा.

त्यानं वाट सोडली. अगदी आदरानं. म्हणाला, चुकलं बगा. ग्यानोबाचं शेत व्हय, आसं करा, त्या लिंबापातूर जावा, मग वढ्याच्या कडंनं, मग उजवीकडं. कुनी बी सांगल.

लिंबापाशी पोचलो तर तिथल्यांनी धरलं. लक्ष्मीबाई म्हणून म्हातारी होती, तिनं हातच सोडला नाही. कुणाकडं चाललास म्हणाली, मी ग्यानोबांचं नाव सांगितलं, तर तिनं वळून एका खोपीकडं बघितलं, पदर तोंडाला लावला आणि ताट वाढलं. बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, भज्जी, खीर. ओढ्याकडं दुसऱ्यांनी बसवलं. तिथून उजवीकडं तिसऱ्यांनी. सगळे ग्यानोबांचं नाव ऐकून हसायचे आणि एक उंडा जास्त वाढायचे. राग यायला पोटात जागा नव्हती. आंबील तर अशी की प्यायलो आणि डोळे मिटायला लागले. चंद्राच्या चार ओळी तिथंच विसरलो.

शेवटी उजवीकडं वळून ज्या बांधावर चढलो, तिथं तोच टॉवेलवाला उभा.

‘मीच ग्यानोबा,’ तो म्हणाला. ‘राग जिरला का अजून एक चक्कर मारताव?’

मागं खोपीजवळ लुंबिनी खाली बसून हसत होती, इतकी की तिच्या आईनं तिला धपाटा घातला. कुणी उद्धट बोललं तर फजिती करतात, हे ती मला सांगून बसली होती. मीच विसरलो.

मी वळून जायला निघालो होतो, खरं सांगतो. पण ग्यानोबांनी खांद्यावर हात ठेवला आणि तो हात पार खोपीपर्यंत उचलला नाही.

सगळे बसले. पुढं माती, तिच्यावर कडब्याची सावली. बोल सुरू झाले. ग्यानोबांनी माझा बोल म्हटला. ‘बाप उभा’पाशी डोक्याचा टॉवेल सोडून परत गुंडाळला, मग पुरा केला. त्यांच्या तोंडून तो माझ्यापेक्षा चांगला होता. लुंबिनीच्या आईंनी त्यांचा म्हटला, सासूकडं न बघता. पंचशीलाआत्या अर्ध्यावर थांबल्या, चष्मा काढला, पुसला, आणि दुसरी ओळ चष्म्याशिवाय म्हटली.

धुरपताआजी डोळे मिटून ऐकत होत्या. डोळे उघडले ते सरळ लेकावर.

‘ग्याना, पाय तुझेच हाईत. तोंड तुझं न्हाई.’ मग आत्याकडं वळून, ‘पंचशीले, तुझं बी न्हाई. सूनबाई, तुझं बी न्हाई. एकाच चुलीवरच्या भाकरी हाईत ह्या. चूल कुनाची?’

तिघं एकमेकांकडं बघू लागले. प्रत्येकाला वाटत होतं, लुंबिनीनं आपल्यालाच गुपचूप करून दिला. लुंबिनी खाली मान घालून गवताची काडी मोडत होती. तिला सगळ्यांसमोर बोलणी बसणार असं मला वाटलं आणि डोकं सटकलं. उठून उभा राहिलो. म्हणालो, माझी. तिला काही बोलू नका, तिन्ही बोल माझे आहेत.

आत्या म्हणाल्या, ‘माझ्या वंजळीचं तुला कुनी सांगितलं?’

मला सांगायची गरजच पडली नाही, सगळे लुंबिनीकडं बघत होते. आत्या सगळ्यात जास्त वेळ.

आजी म्हणाल्या, ‘लोकाचं झालं. आता तुझा बोल.’

मी चाळीस ओळी सुरू केल्या. दुसऱ्याच ओळीला आजींनी हात वर केला. ‘चांद ऱ्हाऊ दे. दुपार हाय.’

सगळे हसले. बॅचमध्ये हसले होते तसेच, असं मला वाटलं, आणि मी वहाणा शोधू लागलो. कुणी वहाणा दिल्या नाहीत. आजी वाट बघत बसल्या होत्या, आणि ज्यांना भूक लागली होती तेही. माझ्याशिवाय कुणीही घास उचलत नव्हतं. तेव्हा कळलं की हे हसणं ते नव्हे. पण राग तर आला होता, तो जाणार कुठं? तो तोंडातून आला तो असा:

*ना सातबारा नावावर, ना डिग्री माझ्या हाती*
*उर्मट बोललो बांधाला, तरी जेवू घाली माती*

कुणी वाहवा केली नाही. आजींनी जमिनीवर तळवा ठेवला, जरा वेळ ठेवला आणि म्हणाल्या, ‘लुंबिने, वाढ त्याला.’

पोटात तिळाएवढी जागा नव्हती. दोन उंडे खाल्ले.

जेवताना आजींनी सगळं काढून घेतलं. बाबा काय करतात, शिकणं का सोडलं. सरांचं सांगितलं, चहाचा कटही सांगितला. आजी म्हणाल्या, रागानं सोडलेलं रागानंच परत धरावं लागतंय, गोडीनं धरायला गेलास तर जलम जाईल. ग्यानोबा म्हणाले, जूनमध्ये नाव घाल. विचारलं नाही, सांगितलं. मी हो म्हणालो. स्वतःला इतक्या पटकन हो म्हणताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

तेवढ्यात आत्या फोन घेऊन ज्वारीच्या कडेला गेल्या. वाऱ्यानं शब्द येत होते. ‘न्हाई न्हाई, मुलगा चांगलाच हाय तुमचा... रविवारी नका येऊ म्हणते मी... आवो, आमच्या म्हातारीनंच...’ परत येऊन त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, माझ्या अंगणवाडीला भिंतीवर लिहायला बोल पाह्यजेत, लेकरांचे, यमक नीट आसलेले. मी म्हणालो, पोरांच्या ओळीत मी कुणाला बोट घालू देत नाही. त्या म्हणाल्या, बघू.

लुंबिनीला जरा बाजूला गाठलं तर म्हणालो, सरळ सांगायला काय झालं होतं? ती म्हणाली, ‘पंधरा दिवस माझं घर शिकवत होते तुला. आजीचं तेवढं शिकवता येत नाही, ते तुझं तुलाच करायचं होतं.’ माझं अजूनही म्हणणं आहे की आधी सांगितलं असतं तर मी आणखी चांगले केले असते. हे तिला म्हणालो. ती म्हणाली, आधी सांगितलं असतं तर तू त्यात चंद्र घातला असतास.

ऊन उतरलं तशी माणसं आवराआवर करू लागली. ग्यानोबांनी खोपीतली कडब्याची एक पेंढी ओढली, आवळून बांधली, टोकाला काडी लावली. इकडं ह्याला हेंडगा म्हणतात. पेटता हेंडगा घेऊन आपल्या शेताभोवती पळायचं. मला वाटलं ते पळणार. त्यांनी तो माझ्या हातात दिला. म्हणाले, विझायच्या आत फिरून ये. मला रीत माहीत नव्हती. आजींकडं बघितलं तर त्या दुसरीकडंच बघत होत्या, आणि आईंनी आत्यांचा हात घट्ट धरला होता.

पळालो. स्वेटर बाबांचा जुना, त्याला ठिणग्या. आग वाऱ्यानं मनगटावर येऊन राहिली होती, केस चरचरले, पण हात बदलला नाही. आजूबाजूच्या बांधांवर लोक उभे होते, तेच, ज्यांनी दुपारी खाऊ घातलं होतं. ओढ्याकडचे नरसिंग तोंडाला हात लावून ओरडले, ‘ग्यानोबा, औंदा हेंडगा कुनाच्या हातात दिलाव?’

शेताच्या त्या टोकावरून ग्यानोबांचा आवाज आला, ‘घरच्याच की.’

मी थांबलो नाही. ज्वारी दोन्ही बाजूंनी तांबडी दिसत होती, पोटात चार शेतांचं अन्न होतं, आणि मी ओरडत पळत होतो. शब्द नव्हते, नुसतंच ओरडत होतो.